उतरताना लागणारा करंट

१९८९च्या पावसाळ्यात नूर मोहम्मदांनी गाडी घेतली ती बायकोसाठी. खदीजाबींचे गुडघे इतके धरले होते की शेअर रिक्षात चढायचं म्हणजे आधी कुणाचा तरी खांदा शोधावा लागे. आणि मुलगी अतिया कल्याणला दिलेली, तिचं पहिलंच बाळंतपण. डॉक्टरांनी तिला प्रवासाला मना केल्यामुळे माहेरी आणता येत नव्हतं. नूर मोहम्मदांनी कुणाला काही न सांगता एक जुनी पांढरी गाडी आणून दारात उभी केली. "आता मनात येईल तेव्हा लेकीकडे जा," एवढं बोलले आणि धामणकर नाक्याजवळच्या आपल्या लूमच्या कारखान्यात निघून गेले. बोलायचं काम ते नेहमीच एका वाक्यात आटपत.

गाडी चालवायला राहनाळचा चिंधू ठेवला. आधी तो टेम्पो चालवायचा. माणसं बसवायची गाडी हातात आल्यावर त्याला काय करू नि काय नको असं झालं. शेठकडे हट्ट करून त्याने सीटवर लाल, केसाळ, मऊ नायलॉनची कव्हरं चढवली. खदीजाबी पहिल्यांदा बसल्या तेव्हा कव्हरावरून हात फिरवत म्हणाल्या, "चिंधू, मांजरावर बसल्यासारखं वाटतं रे."

दिवाळीपर्यंत सगळं ठीक चाललं. डिसेंबर लागला, हवा कोरडी पडली, आणि एका सकाळी कल्याणला अतियाच्या दारात उतरताना खदीजाबींनी गाडीचं दार लावायला हात लावला तसा बोटाला टचकन झटका बसला. त्यांनी हात मागे घेतला. रक्तदाबाचं काहीतरी असेल म्हणून गप्प बसल्या. परत घरी उतरताना पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी चिंधूने आधाराला हात पुढे केला, तर त्या झटक्यात दोघंही दचकले.

चिंधूने गाडी गॅरेजमध्ये नेली. मेकॅनिकने बॅटरी काढून पाहिली, वायरी तपासल्या. "गाडीत काही नाही," म्हणाला.

"मलाच करंट कसा लागतो मग?" खदीजाबींनी नवऱ्याला विचारलं.

"मला तर कधी लागला नाही," नूर मोहम्मद म्हणाले. खोटं बोलत नव्हते, पण खदीजाबींना वाटलं, आपल्याला भास होतो असं ते म्हणताहेत. त्या दिवसापासून त्यांनी गाडीत बसणं सोडलं. कारण विचारलं की म्हणायच्या, "गुडघा दुखतो." अतियाला नववा महिना लागला होता. तिचा शेजारच्यांच्या फोनवर रोज निरोप यायचा, अम्मी कधी येते? खदीजाबी एकदा रिक्षाने निघाल्या आणि नाक्यापर्यंत जाऊन घामाघूम होऊन परत आल्या.

नूर मोहम्मदांनी हे सगळं बघितलं. दोन दिवस ते जेवणावरून लवकर उठले. तिसऱ्या दिवशी चिंधूला म्हणाले, "गाडी विकून टाकू. तिला नको असेल तर मला काय करायची?"

चिंधू त्या संध्याकाळी घरी आला तो तोंड पाडूनच. त्याची बायको चंद्रा नूर मोहम्मदांच्याच कारखान्यात कांड्या भरायची. मशीनवर सूत गुंडाळून लूमला द्यायचं काम. भाकरी वाढताना तिने सगळं ऐकून घेतलं आणि हसली.

"तुला हसू येतंय? माझी नोकरी चालली."

"चाची उतरताना काय धरतात?"

"काय धरतील? बाहेर येतात, उभ्या राहतात, मग दार लावतात."

"आणि शेठ?"

चिंधूने आठवून सांगितलं. शेठ जाडजूड. दाराच्या वरची स्टीलची पट्टी मुठीत धरल्याशिवाय त्यांना सीटवरून उठताच येत नसे.

"मग झालं तर," चंद्रा म्हणाली. "थंडीत नायलॉनचं सूत लागलं की आमाला दिवसभर हेच हाय. घासलं की अंगात करंट भरतो. मी तर लोखंड धरूनच उठते, मग न्हाय लागत. उद्या मी येते चाचींकडे."

दुसऱ्या दिवशी ड्युटीवर जायच्या आधी चंद्रा नूर मोहम्मदांच्या अंगणात हजर झाली. खदीजाबी तिला नावाने ओळखत होत्या, पण दोघी कधी समोरासमोर बसल्या नव्हत्या. चंद्रा म्हणाली, "चाची, माझ्यासंगं एकदा गाडीत बसा. कुठं जायचं न्हाय."

खदीजाबी नको नको म्हणत अखेर गाडीत बसल्या. चंद्रा त्यांच्या शेजारी बसली. आधी ती सीटवर मुद्दाम सरकत सरकत दुसऱ्या दाराने उतरली, आणि मग दाराला बोट लावलं. टच्च. "हे बघा, मला पण लागला."

खदीजाबींचा चेहराच बदलला. "तुला पण लागतो?"

"सगळ्यांना लागतो. आता बघा." ती पुन्हा आत बसली, तिने दाराच्या वरची स्टीलची पट्टी धरली, धरूनच सरकली, धरूनच उभी राहिली आणि मग सोडली. काही झालं नाही.

"आता तुम्ही."

पहिल्या वेळी खदीजाबींनी पट्टी धरली, पण उभं राहताना घाबरून मधेच सोडली आणि झटका खाल्ला. "सोडायची न्हाय," चंद्रा म्हणाली. "पाय जमिनीवर ठरेपर्यंत धरायची." दुसऱ्या वेळी जमलं. तिसऱ्यांदा जमलं. मग त्यांना इतकी गंमत वाटली की गुडघे विसरून त्या आणखी चार वेळा बसल्या-उतरल्या. चिंधू एका कडेला उभा राहून बघत होता. नूर मोहम्मद ओट्यावर आले, त्यांनी आपली बायको गाडीतून विनाकारण उतरताना पाहिली, आणि पुन्हा आत गेले, कारण त्यांना हसू आवरेना.

जाताना चंद्राने चिंधूला फर्मावलं, "आणि ती लाल कव्हरं काढ. साधी सुती चादर घाल."

"शोभा जाईल ना."

"जाऊ दे," खदीजाबीच म्हणाल्या.

त्याच दुपारी त्या कल्याणला गेल्या आणि तिथेच राहिल्या. पाचव्या दिवशी अतियाला मुलगी झाली. आई उशाशी होती.

घरी परतल्यावर जेवताना त्यांनी नवऱ्याला विचारलं, "अतियाचे अब्बा, त्या चंद्राला दिवसभर करंट लागतो, तुम्हाला ठाऊक होतं?"

"मुकादम कधी बोलला नाही."

"मुकादमाला कुठे लागतो?"

 दुसऱ्या दिवशी सकाळी नूर मोहम्मद कारखान्यात गेले ते ऑफिसात न जाता थेट कांडी मशीनकडे. चंद्राला म्हणाले, "जरा ऊठ." आणि तिच्या स्टुलावर बसले. तरुणपणी हे काम त्यांनी केलं होतं, पण तेव्हा सूत कापसाचं होतं. दहा मिनिटांत दोनदा झटका बसला. दुसरा चांगला कोपरापर्यंत गेला.

"ह्याच्यावर इलाज काय करता तुम्ही?"

"पायाखाली ओलं गोणपाट टाकतो," चंद्रा म्हणाली. "पण मुकादम काढायला लावतात. सुताला डाग पडेल म्हणतात."

"डाग पडला तर मी बघेन," शेठ म्हणाले. त्या आठवड्यात मशीनच्या सांगाड्याला अर्थिंगची तार जोडली गेली, आणि उन्हाळा लागेपर्यंत गोणपाटं रोज भिजवली गेली. झटके पूर्ण थांबले नाहीत, पण बायका म्हणायच्या, पुष्कळ फरक पडला.

बाळ चाळीस दिवसांचं झालं तेव्हा खदीजाबींनी चिंधूला निरोप दिला की रविवारी चंद्रालाही घेऊन ये, तिला नात दाखवायची आहे. चंद्रा ठेवणीतलं लुगडं नेसून आली आणि सवयीने नवऱ्याशेजारी पुढे बसायला गेली. "इकडे ये, मागे," खदीजाबी म्हणाल्या.

चिंधू कल्याणच्या दिशेने गाडी चालवू लागला. टेम्पोत बायको शेजारी बसली की तो गाडी वाऱ्यासारखी पळवायचा. आज मागच्या सीटवर मालकिणीशेजारी चंद्रा बसली होती, मांडीवर बाळासाठी शिवलेली दुपटी घेऊन, आणि तो आरशात पुन्हा पुन्हा बघत होता. समोर खड्डा असो नसो, गाडी बैलगाडीच्या चालीने निघाली होती. मागून ट्रक हॉर्न वाजवून पुढे जात होते.

कोनगाव आलं तेव्हा खदीजाबींना राहवेना. "चिंधू," त्या म्हणाल्या, "जरा दाब बाबा. नाहीतर पोहोचेपर्यंत पोर शाळेत जायला लागेल."

चंद्रा पदराआड हसली. चिंधूने गाडी थोडी जोरात घेतली, पण थोडीच.