यंत्राला घातलेली पिशवी

गटारात विषारी वायू असला की ओरडणारं ते तळहाताएवढं यंत्र नुकतंच आलं होतं आणि मुकादमाचा त्याच्यावर भलताच जीव जडला होता. आधीचं चिखलात पडून बाद झालं, तेव्हा साहेबांनी त्याला चारचौघांत फैलावर घेतलं होतं. तो प्रसंग पुन्हा नको, म्हणून त्याने हे यंत्र टीव्हीच्या रिमोटसारखं प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंडाला घट्ट रबर लावलं. माणूस मूर्ख नव्हता हो. पण एकदा बोलणी खाल्लेला माणूस जरा जास्तच जपतो.

त्याने यंत्र दोरीने गटारात सोडलं, वर काढून पाहिलं. "शून्य! जा खुशाल."

उतरणारा त्याचा सख्खा धाकटा भाऊ. पट्ट्याला दोर, त्याचं दुसरं टोक वर दोन मदतनिसांच्या हातात, कमरेला यंत्र. "दादा, आज तरी तोंड बंद ठेव. बोलायला आता यंत्र आहे."

मुकादम कसला ऐकतोय! भाऊ आत असेपर्यंत त्याला डिवचत राहायचं, ही त्याची जुनी खोड.

"सासरी किती हादडलंस रे? दोर कुरकुरतोय!"

"तुझ्या घरी उपाशी ठेवतात, म्हणून तिकडे खातो!" आतून आवाज आला.

"आणि मेहुणीसमोर घोरलास म्हणे?"

उत्तर नाही. मुकादमाने पुन्हा हाक मारली. मेहुणीचं नाव काढल्यावर हा गप्प बसणं शक्यच नव्हतं. 

"ओढा!"

दोन्ही मदतनीस दोराला भिडले. वर येताना लोखंडी पायरीला घासून पिशवी टरकन फाटली आणि यंत्र असं किंचाळायला लागलं की गल्लीतल्या खिडक्या उघडल्या.

भावाला मोकळ्या हवेत आडवं करून गाडीतला ऑक्सिजन लावला. तोवर मुकादमाला फाटकी पिशवी बघून सगळं उमगलं होतं. वायू आत शिरायला त्याने फटच ठेवली नव्हती. भावाने डोळे उघडले तसा मुकादमाला हुंदका फुटला आणि रडत रडतच त्याने सगळं सांगून टाकलं.

भाऊ पिशवीकडे बघत राहिला. मग ऑक्सिजनचा मास्क जरा बाजूला सारून म्हणाला, "यंत्र बिघडलं असतं तर साहेबांनी दुसरं दिलं असतं रे, दादा."

 भावाचे चिखलाने भरलेले हात मुकादम आपल्या सदऱ्याला पुसत राहिला.