भवानीची मोरी

रंभाबाईंनी आपल्या हातानं सुनेला मोरी मासळी विकली आणि वर ‘खाऊन बघ, दूध येनार’ अशी हमीही दिली. ही गोष्ट घडलेली नाही. रंभाबाईंना विचारा, त्या शपथेवर सांगतील. तर न घडलेली गोष्ट पहिल्यापासून अशी.

सुनेला, म्हणजे नलूला, पाचवा महिना लागला आणि तिचं दूध आटायला लागलं. चिंतू दीड वर्षाचा. गोवर येऊन गेल्यापासून त्यानं पेज, केळं, खिमट सगळ्यांशी वैर धरलं होतं. खाण्याच्या पदार्थांपैकी त्यानं फक्त आईला मान्यता दिली होती. तो पदराखाली शिरायचा, दोन घोट ओढायचा आणि दूध संपलं की तोंड बाहेर काढून अख्ख्या आळीला ऐकू जाईल असं ओरडायचा, "नाय!" तारापूरच्या त्या बंदराकडच्या आळीत रेडिओच्या बातम्या यानंतर.

"पोटातल्याच्या तोंडचं काढून या घोड्याला पाजतेस," रंभाबाई म्हणायच्या. "गरोदरीचं दूध म्हंजे इख. पोर वाळला बघ निस्ता."

"वाळला तो गोवरानं."

"तू डाक्टर काय गो?"

"आनि तुमी?"

घरात हे असं चालायचं. कढईला डाव लागला तरी तो आपल्याला उद्देशून वाजला असं दोघींनाही वाटायचं.

शेवटी रंभाबाईंनी निकाल दिला. "दूध हाय तवर पाज. आटलं की पोर मासवणला मंजुळाकडं. तिच्याकडं म्हैस हाय. तू बाळंत होईस्तवर तिथंच ऱ्हाईल."

मंजुळा म्हणजे नणंद. नलूनं नवऱ्याकडे पाहिलं. कमलाकांत बोईसरच्या एका कंपनीत टाइमकीपर होता आणि घरीसुद्धा नोटीस बोर्डासारखाच बोलायचा. "सदर विषय विचाराधीन आहे," असं म्हणून तो सेकंड शिफ्टला गेला.

मासवण काही समुद्रापलीकडे नव्हतं. पण गोवरात चिंतू जगला तो आपल्या अंगाला चिकटून, हे नलूला ठाऊक होतं. आणि म्हैस कितीही गुणाची असली तरी तिला पदर नसतो.

दूध वाढवायचं तर मोरी. लहान मुशी, शार्कच्या जातीचा मासा. किनाऱ्यावरची कुठलीही बाई सांगेल, बाळंतिणीला मोरीचं कालवण घातलं की दूध उतरतं. रंभाबाईंचा मासे विकायचा निम्मा धंदा याच वाक्यावर चालायचा. म्हणूनच त्यांनी आळीत फर्मान काढलं, "माज्या सुनंला जी मोरी देल तिचं मी तोंड बघनार नाय." रंभाबाईंनी तोंड न बघण्याचं कुणालाच दुःख नव्हतं, पण त्या तोंड न बघताही बोलू शकत. आळीतल्या जाळ्यांतून मोरी एकाएकी नाहीशी झाली.

मग एके दिवशी नलूनं चिंतूला काखोटीला मारलं आणि पहिल्या एसटीनं पालघर गाठलं. बोईसर हा सासूचा बाजार, पालघर सुरक्षित. मोरीची एकच पाटी होती. नलूनं वाकून विचारलं, "कशी दिली?" आणि मान वर केली तर पाटीमागं सासू.

बोईसरला जागेवरून भांडण झालं म्हणून रंभाबाई नेमक्या त्याच दिवशी इकडे येऊन बसल्या होत्या.

"चालती हो," त्या म्हणाल्या.

शेजारी त्यांच्याच आळीतल्या रत्नाबाई कोलंबी निवडत होत्या. मान वर न करता त्या म्हणाल्या, "रंभाबाय, भवानी हाय."

भवानी म्हणजे दिवसाचं पहिलं गिऱ्हाईक. ते परत धाडलं की दिवसभर माशांबरोबर आपणही वास मारत बसायचं. रंभाबाईंनी सुनेकडे पाहिलं, भरल्या पाटीकडे पाहिलं आणि कोयता उचलला.

"कापून देव का आख्खी?"

"कापून. डोकं नको."

"डोकं तुला हायच कुटं."

"असं बोलतात गिऱ्हाइकाशी?"

रंभाबाईंनी नोट घेतली, सवयीनं कपाळाला लावली आणि तितक्याच सवयीनं त्यांच्या तोंडून निघून गेलं, "खाऊन बघ, दूध येनार म्हंजे येनार. नाय आलं तर पैसं परत."

रत्नाबाईंचा हात कोलंबीतच थांबला.

नलूनं मोरी खाल्ली. सासूच्याच चुलीवर, सासूच्याच मसाल्यात. दूध आलं नाही. होतं तेही गेलं. चिंतू ओढायचा, "नाय" म्हणायचा आणि पुन्हा ओढायचा. दिवस गेल्यापासून तिची छाती दुखरी झाली होती. तो ओढायला लागला की पायाच्या नखापर्यंत कळ जायची.

रविवारी मंजुळा आली. भाच्याला नवी टोपी घेऊन आली, म्हणजे बेत पक्का होता. आळीतल्या बायका ओट्यावर जमल्या. त्यांचं त्यात काही जाणार नव्हतं.

"आटलंय," रंभाबाई म्हणाल्या. "उचल गो पोराला."

नलूनं चिंतूला पदराखाली घेतलं. कळ आली. ती हसली.

"आटलं कसं? पितोय की."

"निस्ता चघळतोय!"

"मोरी खाल्ली ना मी. पालघरच्या बाजारातली. इकनारी म्हनाली, दूध येनार म्हंजे येनार."

"नाय आलं तर पैसं परत, असं बी म्हनाली," रत्नाबाई म्हणाल्या. "मी तितंच बसले व्हते."

"पैसं परत?" शेजारची पुष्पलता पुढं सरकली. "रंभाबाय, माज्या सुनंला बी तुजीच मोरी घातली. तिला कुटं आलं दूध?"

"माज्या लेकीला बी," मागून कोणीतरी म्हणालं.

रंभाबाईंनी ओट्यावर नजर फिरवली. प्रत्येक तोंड गिऱ्हाइकाचं होतं. सुनेला दूध नाही म्हणावं तर मोरी खोटी. मोरी खरी म्हणावी तर पोर घरात.

एवढ्यात पदर हलला. चिंतूनं तोंड बाहेर काढलं, टोपी पाहिली, आत्या पाहिली आणि बातमी देण्यासाठी छाती भरून श्वास घेतला.

रंभाबाई झेपावल्या. नातवाचं डोकं धरून त्यांनी ते परत पदराखाली कोंबलं.

"पी रे बाबा! दूध हाय! माज्या मोरीनं आलंय, धो धो आलंय! मंजुळे, बसलीस काय? एसटी चुकंल तुजी."

टोपी मासवणला परत गेली. ओटा रिकामा झाला.

"तुज्या छातीत थेंब नाय, मला ठावं हाय," रंभाबाई म्हणाल्या.

"बाहेर जाऊन सांगा."

"मी मोरी इकलीच नाय तुला."

"नायच इकली."

यापलीकडे दोघींचं आजवर कशावरही एकमत झालेलं नाही.

संध्याकाळी चिंतूनं पुन्हा ओढून पाहिलं. "नाय," तो पुटपुटला आणि चोर सापडल्यासारखी त्यानं आईच्या पोटावर चापट मारली. आतून लाथ आली. नलूनं दोघांच्या मध्ये हात ठेवला आणि नवऱ्याच्या आवाजात पोटाला म्हणाली, "सदर पोटातील इसमास कळविण्यात येते की, येथील जागा भरलेली आहे. सबब आपण नेलेले दूध मूळ मालकास परत करावे, व तो आपणहून सोडेपर्यंत आतच थांबावे, ही नम्र विनंती."