नीलकवच : आधी कोणता, मग कोणता

मी एक जुना पुठ्ठा आहे, खालून कापलेला. हिंगोलीकडच्या कनेरगाव नाक्यावरच्या एका घरात, पत्र्याच्या पेटीमागे भिंतीला टेकून मी उभा असतो. मला पाहून तुम्ही म्हणाल, हे असलं अर्धवट काय जपून ठेवलंय, रद्दीत का नाही घातलं? मित्रांनो, जरा दमानं घ्या. मधूनच पान उघडून वाचणाऱ्यांचं आणि माझं कधी जमलं नाही. गोष्ट पहिल्यापासून वाचायची असते, हे सांगण्यासाठीच तर माझा जन्म झाला.

त्याआधी मी विजेच्या मीटरच्या खोक्याची एक बाजू होतो. शेषराव विजेच्या ऑफिसात लाइनमन होते. रिकामं खोकं टाकून द्यायचं त्यांच्या जिवावर आलं, म्हणून ते सायकलच्या कॅरिअरला बांधून घरी आणलं. ही चौऱ्याण्णव सालची गोष्ट. तेव्हा हिंगोली अजून परभणी जिल्ह्यात होती.

नाक्यावर मोहनसिंगचं सायकलीचं दुकान होतं. तिथं दोरीला कपड्यांचे चिमटे लावून हिंदी कॉमिक्स टांगलेली असत आणि ती भाड्यानं मिळत. सगळ्या पोरांचा जीव एकाच वीरावर, तो म्हणजे नीलकवच. निळं चिलखत आणि निळा मुखवटा घालणारा, दुबळ्यांच्या मदतीला धावणारा. पण त्याची एक गंमत होती. चिलखत एकच, आतला माणूस मात्र बदलायचा. पहिला नीलकवच म्हणजे प्रोफेसर विराट. ते लढता लढता मेले, तेव्हा त्यांच्या केतन नावाच्या विद्यार्थ्यानं ते चिलखत अंगावर चढवलं. पुढं तिसराही कुणीतरी येणार होता. शेवटच्या अंकात तो फक्त पाठमोरा दिसायचा आणि खाली लिहिलेलं असायचं, ‘अगला नीलकवच कौन?’

मोहनसिंगकडे अंक यायचे ते अकोल्याहून, जुने आणि फाटके. कुठला आधीचा, कुठला नंतरचा, कुणालाच पत्ता नाही. एखादं पोरगं आधी केतन वाचायचं, मग विराट वाचायचं आणि दुकानासमोर बोंब ठोकायचं, की मेलेला माणूस जिवंत कसा झाला? खरा नीलकवच कोण, यावरून तर डोकी फुटायची वेळ यायची.

शेषरावांचा थोरला मुलगा रत्नपाल तेव्हा अकरावीत होता. चित्रकलेत त्याचा हात असा, की इंटरमिजिएट ड्रॉइंगच्या परीक्षेत त्याला ए ग्रेड मिळालेली. पुढं नांदेडला चित्रकलेच्या कोर्सला जायचं, हे त्यानं मनात पक्कं केलं होतं. पोरांची भांडणं मिटवायला त्यानं मला हाती घेतलं. माझ्या अंगावर एकाखाली एक तीन मोठे गोल काढले. पहिल्यात विराटचा चेहरा, दुसऱ्यात केतनचा, तिसरा गोल रिकामा. गोलांच्या बाजूला कुठला अंक आधी वाचायचा, कुठला नंतर, ते सुंदर अक्षरात लिहिलं. निळा रंग नव्हता. मग विहारात जायच्या पांढऱ्या सदऱ्यांसाठी आईनं आणलेली नीळ त्यानं पाण्यात कालवली. तिसऱ्या गोलाच्या खाली, अगदी कोपऱ्यात, त्यानं बारीक अक्षरात लिहिलं : ‘बनवणारा – रत्नपाल’.

“सगळी नीळ त्या पुठ्ठ्याला फासलीस व्हय रे?” मालनबाई ओरडल्या. “आता तुह्या बापाचा सदरा काय चुन्यात बुडवू?”

शेषराव मात्र मला हातात धरून बराच वेळ बघत राहिले.

“ह्यो पहिला कुठं गेला मंग?” त्यांनी विचारलं.

“मेला ना बाबा. म्हणून तर दुसऱ्यानं कवच घातलं.”

“अन् तिसरा कवा येतो?”

“दुसरा मेल्यावर.”

शेषराव हसले. “म्हंजी माणसं मरतेत, कवच तेवढं ऱ्हातंय. आमच्या खात्यातबी असंच हाय बघ.”

मालनबाई चुलीपाशी भाकरी थापत होत्या. त्यांना वाचता येत नव्हतं, पण हे बोलणं त्यांच्या कानावर पडलं. तीन गोलांचा अर्थ त्यांना तेवढ्यात कळला, आणि तो त्या कधी विसरल्या नाहीत.

पुढचे महिने माझ्या आयुष्यातले सोन्यासारखे. मोहनसिंगनं मला दुकानात खिळ्याला टांगलं. पोरं आली की तो ओरडायचा, “अरे, पहले पुठ्ठा देखो, फिर किताब मांगो!” साखऱ्याकडची पोरंसुद्धा बाजाराच्या दिवशी येऊन मला बोट लावून वाचायची. कुणी म्हणायचं, काय अक्षर आहे राव! मी फुगून जायचो. जगातली निम्मी भांडणं नुसता क्रम नीट लावला तर मिटतील, असं मला तेव्हा वाटायचं.

मे महिन्यात वावटळ सुटली. एका शिवारात तार तुटली म्हणून शेषराव खांबावर चढले आणि तो आधीच मोडत आलेला खांब त्यांच्यासकट खाली आला. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं.

मोहनसिंगनं दुकान बंद ठेवलं आणि मला खिळ्यावरून काढून स्वतः घरी आणून दिलं. “इसको घर में रखो, बेटा,” एवढंच तो रत्नपालला म्हणाला. त्याच्याकडची पोरंही आता त्या अंकांना हात लावेनात.

विजेच्या ऑफिसात एक रीत असते. कामावर असताना माणूस गेला, तर त्याच्या जागी घरातल्या एकाला नोकरी देतात. रत्नपालला अठरा पूर्ण झाली आणि त्याचं बोलावणं आलं. घरात मालनबाई आणि आठ वर्षांचा धम्मदीप, दुसरा आधार नव्हता. नांदेडचं नाव कुणी काढलं नाही. रत्नपालनंही काढलं नाही, आणि त्याचं ते न बोलणं मला आजही सलतं.

खांबावर चढताना बाप कमरेला बांधायचा तो पट्टा वावटळीतूनही धड राहिला होता. रत्नपालची कंबर बारीक, म्हणून मालनबाईंनी दाभण तापवून पट्ट्याला आणखी एक भोक पाडलं. तो पट्टा बांधून, पक्कड आणि रबरी हातमोजे घेऊन, बापाच्याच सायकलवरून तो निघाला. मी आता घरातल्या खिळ्याला टांगलेलो, भिंतीवरून बघत होतो. माझ्या अंगावर त्यानं काढलेला बाण विराटकडून केतनकडे जातो. तसंच काहीतरी समोर घडत होतं आणि मला ते मुळीच आवडलं नाही.

गावोगावचे शेतकरी शेषरावांना ओळखत होते. लाइट गेली की ते लांबूनच सायकल ओळखायचे आणि हाक मारायचे, “ओ शेषराव! आमची डीपी बघा की जरा!” पहिले काही महिने रत्नपाल सांगायचा, की मी शेषराव नाही, त्यांचा मुलगा. मग त्यानं सांगणं सोडून दिलं. शेषराव म्हटलं की तो सायकल थांबवायचा आणि चढायचा खांबावर. ब्रश, रंग सगळं पेटीत गेलं.

माझ्याकडे आता एकट्या धम्मदीपचं लक्ष असायचं. दादा बाहेर गेला की तो माझ्यासमोर बसून गोल गिरवायचा. एका दुपारी त्यानं खडू आणि पेन्सिल घेतली आणि माझ्या रिकाम्या तिसऱ्या गोलात चित्र काढलं. दोन मोठे कान, पुढचे दोन दात आणि हातात पक्कड. कुणीही ओळखलं असतं, ते धम्मदीपच होतं. मग धावत जाऊन तो मालनबाईंना हाताला धरून घेऊन आला.

“आई, बघ! तिसरा मी हाव!”

मालनबाई सदऱ्याचं बटण लावत होत्या. हातातला सदरा तसाच धरून त्या माझ्यासमोर उभ्या राहिल्या. एकदा पहिल्या गोलाकडे बघितलं, एकदा दुसऱ्याकडे.

“कवा येणार हाय रे तिसरा?” त्यांनी हळूच विचारलं.

“दुसरा मेल्यावर,” लेकरू खुशीत म्हणालं. त्याला काय ठाऊक!

मालनबाईंनी त्याला धपाटा घातला नाही की शिवी दिली नाही. त्यांनी मला खिळ्यावरून ओढून काढलं, जमिनीवर ठेवलं, गुडघ्याखाली दाबलं आणि शिवणाच्या कात्रीनं दुसऱ्या गोलाच्या खालून मला आडवं कापत गेल्या. मी जाड आहे. कात्री बोथट होती. कापता कापता त्या रडत होत्या आणि म्हणत होत्या, “तिसरा न्हाई. माह्या घरात तिसरा न्हाई.” खालचा तुकडा त्यांनी चुलीत घातला. कोपऱ्यातली बारीक अक्षरंही त्याच तुकड्यावर होती. त्यांना ती वाचता येत नव्हती, म्हणून त्यांना कळलंच नाही की तिसऱ्याबरोबर आपण रत्नपालचं नावही जाळून टाकलं.

रत्नपाल घरी आला. धम्मदीपनं रडत रडत सगळं सांगितलं. रत्नपालनं मला उचललं, कापलेल्या कडेवरून अंगठा फिरवला. नाव गेलेलं त्याला दिसलं. मला वाटलं, आता तरी हा बोलेल, निदान एकदा तरी चिडेल.

“बरं केलंस आई,” तो म्हणाला. “पुठ्ठा तसाबी लईच लांब झाला व्हता.”

आणि त्यानं मला पेटीमागे ठेवलं. तिथं मी वर्षानुवर्षं राहिलो. हिंगोली जिल्हा झाला, नाक्यावर नवे ढाबे आले, मोहनसिंगच्या दुकानात कॉमिक्सच्या जागी सीडी लटकू लागल्या. मला वाळवीनं एका बाजूनं चाखून पाहिलं. माझी विचारपूस करायला कुणी नव्हतं, पण त्याचं मला दुःख नाही. रोज तिन्हीसांजेला सायकलची घंटा वाजायची, मालनबाई चुलीपासून उठून दारात यायच्या, आणि मी पेटीमागे सुटकेचा निःश्वास टाकायचो. तेवढं मला पुरे होतं.

दोन हजार पाचच्या उन्हाळ्यात एक दिवस घंटा वाजली नाही.

रत्नपालनं लाइन बंद करून घेतली होती. तो काळजी घेणारा होता, बापाच्या मरणानंतर जास्तच. पण जवळच्या वस्तीवर लग्न होतं. लाइट गेली म्हणून मांडवात जनरेटर सुरू केला, आणि त्याचा करंट उलटा रत्नपालच्या हातातल्या तारेत शिरला. कुणी मुद्दाम केलं नाही. दुसऱ्या दिवशी गावोगाव बातमी फिरली, “आपला शेषराव गेला.” मित्रांनो, दहा वर्षं त्यानं त्यांच्या घरात उजेड पोचवला, आणि मेल्यावरही लोकांच्या तोंडी नाव आलं ते बापाचंच.

काही दिवसांनी ऑफिसची माणसं आली. भली माणसं होती, डोळे पुसत होती. “धाकट्याचा अर्ज द्या, बाई,” एक साहेब म्हणाले. “आम्ही मागं लागून काम करू.”

धम्मदीपला नुकतीच अठरा पूर्ण झाली होती. त्यानं भिंतीवरचा पट्टा काढून आणला. “आई, मी जातो,” तो म्हणाला. “घर कसं चालंल मंग?”

मालनबाईंनी पट्टा त्याच्या हातातून घेतला आणि साहेबांच्या पुढ्यात ठेवला.

“ह्यो तुमचा तुमी घेऊन जा, साहेब. आमच्या घरातली माणसं सरली.”

साहेब गेल्यावर त्यांनी पेटीमागून मला बाहेर ओढलं. कापलेली कड हातानं चाचपली आणि मला छातीशी धरून त्यांनी जो हंबरडा फोडला, तो ऐकून शेजारच्या बाया धावत आल्या.

“माही कात्री खाली लागली गं बाई! बापाच्या खालीच कापाया पायजे व्हतं. एक गोल वर लागली असती तर माहं रतन वाचलं असतं!”

मी पुठ्ठा आहे. मला ओरडून सांगता आलं नाही की माझ्या अंगावरच्या चित्रांनी कुणी मरत नाही आणि ती कापून कुणी वाचत नाही. पण खरं सांगू? त्यांचं अगदीच चुकीचं होतं, असंही मला म्हणवत नाही. त्या दिवशी दाभण तापवण्याऐवजी कुणीतरी कात्री उचलायला हवी होती.

मालनबाई सोयाबीन सोंगायला गेल्या, लोकांच्या रानात निंदणाला गेल्या. धम्मदीपनं डी.एड. केलं आणि तो मास्तर झाला. एकदा वाशिमच्या रद्दीवाल्याकडे त्याला नीलकवचचा तो पुढचा अंक दिसला, ज्यात तिसरा कोण ते कळणार होतं. त्यानं तो हातात घेतला आणि न उघडता परत ठेवला. घरी येऊन त्यानं आईला हे सांगितलं, तेव्हा मी ऐकलं. म्हणजे तिसरा कोण, ते मलाही आजतागायत माहीत नाही. माझ्यासारख्या क्रम सांगणाऱ्याला हे शोभत नाही, पण मला ते माहीत करून घ्यायचंही नाही.

गेल्या दिवाळीत घराला रंग द्यायचा होता म्हणून धम्मदीपनं पेटी सरकवली. मी दिसलो. मालनबाईंची नजर आता अधू झाली आहे. त्यांनी मला मांडीवर घेतलं, पदरानं धूळ पुसली.

“किती कष्टानं केलं व्हतं रे त्यानं,” त्या म्हणाल्या. “धम्मा, ह्यावर त्याचं नाव लिव्हलेलं हाय का कुठं?”

धम्मदीप माझ्या कापलेल्या कडेकडे बघत राहिला. ते नाव कुठं होतं आणि कुठं गेलं, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

“हाय ना, आई.”

“कुठं? बोट ठिव माहं.”

त्यानं आईचं बोट हातात धरलं आणि दुसऱ्या गोलाखाली जिथं ‘केतन’ लिहिलंय, तिथं ठेवलं. मालनबाई ती अक्षरं हळूहळू गोंजारत राहिल्या. “रतन,” त्या म्हणाल्या. “रत्नपाल.” कितीतरी वर्षांनी त्या घरात कुणी ते नाव पूर्ण उच्चारलं.

मित्रांनो, चूक वाचलेलं मला खपत नाही, हे तुम्हाला एव्हाना कळलंच असेल. पण त्या दिवशी मी गप्प राहिलो. तुमच्याही घरातून कुणीतरी दुसऱ्याचा पट्टा कमरेला बांधून रोज कामाला जात असेल. तो संध्याकाळी परत येईल, तेव्हा मला जपू नका, त्याला जपा. दारात उभे राहा आणि त्याला त्याच्या नावानं हाक मारा.