केळीचा चीक

मेघा जळगावात घामपट्ट्या बनवणाऱ्या कंपनीत कामाला. तिचे सासरे अभिमनआबा रावेरला केळीवाले. गेल्या वैशाखात बागेतच भोवळ येऊन पडले, डॉक्टरांनी दम भरला, पण पालथ्या घड्यावर पाणी. कापणी आली की म्हातारा विळा घेऊन मजुरांच्या पुढे. शेवटी आज तिने त्यांच्या दंडावर पट्टी चिकटवलीच. ती घामातलं मीठ मोजून मोबाईलवर आकडा आणि रंग दाखवायची. लाल दिसला की सावलीत बसायचं, हे आबांनी कसंबसं कबूल केलं होतं.

बांधावरच्या लिंबाखाली ती मोबाईल धरून बसली. ऊन नुसतं भाजत होतं. तरणे गडी एकेक करून सावलीला येऊन पडले. आबांचा रंग मात्र हिरवाच. हाडं काय लोखंडाची आहेत की काय या माणसाची, असं म्हणून ती आधी हसली. मग तिने आकडा पाहिला आणि ताडकन उठली. अशा उन्हात मीठ वाढायला हवं, ते सकाळपेक्षा कमी झालं होतं.

ती केळीत धावत सुटली. आबा दोन ओळींच्या मध्ये उभे होते, विळा खाली पडलेला, आणि समोर कुणी नसताना बडबडत होते. दंडाला ओलं फडकं गुंडाळलेलं. तिने ते ओढून काढलं. कातडी तापलेली आणि कोरडी ठक्क, घामाचा टिपूस नाही. पट्टी इतका वेळ फडक्याचं पाणी मोजत होती.

"नईमभाऊ, धावा, आबांना ऊन लागलं हो," ती ओरडली.

घड भरायला आलेला ट्रकवाला नईम पाण्याचा कॅन घेऊन धावला. दोघांनी आबांना ओलंचिंब केलं, उचलून ट्रकमध्ये घातलं. दवाखाना येईपर्यंत मेघा त्यांच्या डोक्यावर पाणी ओतत राहिली. देवा, एवढ्या वेळेला वाचव, एवढंच तिच्या तोंडात होतं.

संध्याकाळी सलाईन चालू असताना आबांनी डोळे उघडले. मेघाचा राग तोवर नाकापर्यंत आला होता.

"ते फडकं कशाला बांधलं होतं, आबा? जीव गेला असता ना."

आबांनी दंड चाचपला. "मशीन बिघडलं तर नाही ना? कोरड्या फडक्यातून झिरपतं, म्हणून ओलं बांधलं. पट्टी लावताना तूच म्हणाली, लई महागाचं आहे, केळीचा चीक लागू देऊ नका."