वेलीनचा उजवा बूट

मी एक जुना बूट आहे, मित्रांनो. फुटबॉलचा, उजव्या पायाचा. आता बोलण्याचाही थकवा येतो, पण एवढी एक गोष्ट सांगायची राहिली आहे.

वेलीनने मला घेतलं तेव्हा तो एकोणीस वर्षांचा होता. बल्गेरियातल्या आमच्या खाणीच्या गावातल्या संघाने त्याला बचावासाठी घेतलं होतं. पहिलं वर्ष आम्ही बाकावर बसून काढलं. सरावात मात्र रोज चिखल. संघाचे कपडे धुणारी त्स्वेताना मावशी मला पुसून माझ्यात वर्तमानपत्राचे बोळे कोंबायची.

दुसऱ्या वर्षी एका जुन्या खेळाडूचा गुडघा दुखावला आणि वेलीनला जागा मिळाली. नऊ वेळा चेंडू अडवला तरी कोणाचं लक्ष नसे. दहाव्यांदा निसटला की प्रेक्षक सूर्यफुलाच्या बिया चघळत ओरडायचे, "ए खांबा, हल की जरा!"

मोसमाचा शेवटचा सामना हरलो तर संघ खालच्या गटात जाणार होता. समोरच्या संघात मोमचिल होता, वाऱ्यासारखा पळणारा. मध्यंतरात प्रशिक्षक म्हणाले, "तो पुन्हा सुटला तर आडवा कर. चेंडू नाही मिळाला तर पाय."

"मोडला तर, साहेब?"

"त्यांच्याकडे डॉक्टर आहे की."

ऐंशीव्या मिनिटाला मोमचिल सुटला. वेलीन घसरत गेला, पण चेंडू केव्हाच पुढे गेला होता. त्याला ते दिसलं होतं. तरी त्याने मला आवरलं नाही. मोमचिलच्या घोट्यावर मी आदळलो, आणि तो आवाज मी अजून विसरलेलो नाही.

वेलीनला लाल कार्ड मिळालं. सामना बरोबरीत सुटला, संघ वाचला. लोकांनी त्याला खांद्यावर घेतलं. नंतर कपडे बदलायच्या खोलीत तो एकटाच बसून राहिला.

"काढ ते बूट," मावशी म्हणाली.

"मावशी, चेंडू गेला होता."

"दिसलं मला."

दुसऱ्या दिवशी तो इस्पितळात गेला. मी खांद्यावरच्या पिशवीत होतो.

"काय आणलंयस?" मोमचिलने विचारलं.

"बनित्सा. आईने केलीय, चीज घालून."

"सहा महिने म्हणतायत. पुढचं कोणी सांगत नाही." मग तो म्हणाला, "चेंडू गेला होता ना?"

"गेला होता."

"मला वाटलं, नाही म्हणशील." त्याने एक तुकडा मोडून घेतला. "गार झालीय."

"दोन बस बदलून आलो."

पुढे चेंडू निघून गेल्यावर वेलीन कधीच घसरला नाही. त्यापायी आमच्यावर एक गोल झाला, त्याची जागा गेली, आणि तो खालच्या गटातल्या एका संघात गेला. मोमचिल वर्षभराने परतला; खेळला, पण तो वेग पुन्हा आला नाही. मी मावशीच्या कपाटात पडून आहे.

मित्रांनो, जोराने खेळा, पण चेंडू निघून गेला असेल तर पाय आवरा. बूट उसवला तर पुन्हा शिवता येतो. मोमचिलचा घोटा मात्र अजूनही थंडीत दुखतो, असं मावशी सांगते.