डबल बेल

मित्रांनो, घंटा म्हटलं की तुम्हाला शाळा सुटल्याची घंटा आठवते. ती मी नव्हे. मी बसमधली एक जुनी घंटा आहे. वाटीएवढी, पितळेची आणि एका बाजूने चेपलेली. एका प्रवाशाने आपली पत्र्याची ट्रंक वरच्या फळीवर चढवताना मला असा टोला हाणला, की तेव्हापासून माझा आवाज जरा घोगरा झाला आहे.

एका लहानशा कारखान्यात मला ओतलं, घासलं आणि सहा नंबरच्या बसमध्ये ड्रायव्हरच्या डोक्यावर बसवलं. माझी दोरी थेट मागच्या दारापर्यंत जायची. कंडक्टरने ती एकदा ओढली की 'थांबा', दोनदा ओढली की 'चला'. सिंगल बेल आणि डबल बेल. आमचा ड्रायव्हर मोठा तिरसट होता, कोणाचंच ऐकायचा नाही. पण माझं ऐकायचा. या गोष्टीचा मला अजूनही थोडा गर्व आहे.

आमच्या कंडक्टरांनी तीस वर्षं माझी दोरी ओढली. आठवड्यातून एक दिवस त्यांची सुट्टी असायची आणि त्यांच्या जागी दुसरा कंडक्टर यायचा. त्याला सगळे 'बदली' म्हणत. बदलीचा हात मला परका वाटायचा, पण बस वेळेवर सुटायची आणि वेळेवर पोचायची. एवढं लक्षात असू द्या.

पुढे कंडक्टर निवृत्त झाले आणि त्याच वर्षी बसही भंगारात निघाली. सहकाऱ्यांनी स्क्रू काढून मला त्यांच्या हातात ठेवलं. त्यांच्या पत्नीला मी मालकीणबाई म्हणते. त्यांनी मला चकचकीत घासून भिंतीवर टांगलं. येणारे-जाणारे माझं कौतुक करायचे. मग घराला रंग दिला, तेव्हा मला खाली उतरवलं ते ड्रॉवरमध्येच टाकलं. सहा वर्षं मी गंजके खिळे आणि संपलेल्या सेलच्या शेजाराने काढली. फार एकटं वाटायचं.

एके सकाळी ड्रॉवर घाईघाईने उघडला. मालकीणबाईंना अर्धांगवायू झाला होता. उजवं अंग गेलं, वाचा गेली. डोकं मात्र पूर्वीसारखंच तल्लख होतं. कंडक्टरांनी मला पलंगाच्या कठड्याला बांधलं आणि दोरी मालकीणबाईंच्या डाव्या हातात दिली. इतक्या वर्षांचा संसार कंडक्टरशी केलेला, त्यामुळे शिकवायची गरज पडली नाही. एक टोला म्हणजे 'हातातलं थांबवा, इकडे या'. दोन म्हणजे 'काही नको, तुमचं चालू द्या'.

मी पुन्हा कामाला लागले. पण मित्रांनो, आमच्या कंडक्टरांना आता सुट्टी नव्हती. मालकीणबाईंना भरवायचं, कुशीवर वळवायचं, चादरी धुवायच्या, औषधं द्यायची. अकरा महिने ते कोपऱ्यावरच्या दुकानापलीकडे गेले नाहीत. केस कॉलरवर आले, सदऱ्याची बटणं वर-खाली लागू लागली. "काही लागलं तर सांगा," असं शेजारी म्हणायचे, आणि हे मान डोलावून दार लावून घ्यायचे.

एका दुपारी तपासायला आलेल्या नर्सबाईंना ते गॅससमोर उभ्याउभ्याच पेंगताना दिसले. दूध उतू जाऊन भांडं करपत होतं. नर्सबाईंनी आधी गॅस बंद केला, मग यांचाच रक्तदाब तपासला. आकडा बघून त्यांनी कपाळाला हात लावला.

"तुम्ही आडवे झालात तर यांना कोण उठवणार?" त्यांनी विचारलं.

कंडक्टर म्हणाले, मी ठणठणीत आहे.

"नोकरीत सुट्टी घ्यायचात ना? मग त्या दिवशी बस बंद असायची?"

"नाही. बदली यायचा," कंडक्टर म्हणाले, आणि आपल्याच उत्तरात सापडले.

पुढच्या गुरुवारी नर्सबाईंच्या सांगण्यावरून एक बाई छत्री आणि शब्दकोड्यांचं पुस्तक घेऊन आल्या. त्यांनी स्वतःच्या आईची चार वर्षं सेवा केली होती आणि आता दर गुरुवारी तीन तास त्या दुसऱ्यांच्या घरी बसायच्या. मी मनातल्या मनात त्यांचं नाव बदलीबाई ठेवलं. कंडक्टरांनी त्यांना उशी कशी ठेवायची, पाणी कोमट किती, सगळं दोनदोनदा सांगितलं. फक्त माझी भाषा सांगितली नाही. सिंगल बेल, डबल बेल ही काय सांगायची गोष्ट आहे, असं त्यांना वाटलं. न्हाव्याच्या दुकानाचा फोन नंबर ठेवून ते गेले.

थोड्या वेळाने बदलीबाईंनी विचारलं, पाणी हवंय का? मालकीणबाईंनी टण् टण् केलं. उशी टोचतेय का? टण् टण्. दुखतंय का कुठे? टण् टण्! एक टोला साधा, तर दोन म्हणजे काहीतरी मोठंच, असा बदलीबाईंचा समज. त्यांचा धीर सुटला आणि त्यांनी फोन फिरवला.

पाचव्या मिनिटाला कंडक्टर दारात. गळ्यात न्हाव्याचं फडकं, अर्धी दाढी झालेली, अर्ध्या गालावर फेस. मालकीणबाई त्यांच्याकडे बघत राहिल्या आणि मग हसल्या. अर्ध्याच तोंडाने, पण पोट हलेपर्यंत. अकरा महिन्यांत पहिल्यांदा.

कंडक्टर मात्र धापा टाकत स्टुलावर बसले. "म्हणूनच मी जात नव्हतो. हिचं दुसऱ्या कोणाला कळत नाही. पुढच्या गुरुवारपासून नको हे." ते गळ्यातलं फडकं सोडू लागले.

मित्रांनो, तेव्हा माझा जीव खाली-वर झाला. ते फडकं सुटलं असतं, तर ते पुन्हा कधी बाहेर पडले नसते.

मालकीणबाईंनी दोरी ओढली. टण् टण्.

"कळलं गं, काही नको तुला."

त्यांनी डोळे दाराकडे वळवले आणि पुन्हा ओढली. टण् टण्.

कंडक्टरांचा हात फडक्यावरच थांबला. तीस वर्षं त्यांनी जो हुकूम दिला, तो आज त्यांना कोणीतरी देत होतं.

"जा म्हणतेस?"

टण् टण्. आता बदलीबाईंनाही माझी भाषा कळली, आणि कंडक्टर अर्ध्या गालावरचा फेस घेऊन परत दुकानाकडे निघाले.

त्याला आता वर्ष होत आलं. कंडक्टरांची बटणं हल्ली जागच्या जागी असतात. मित्रांनो, तुमच्या ओळखीतही असा कोणी असेल. त्याला "काही लागलं तर सांगा" म्हणू नका, तो सांगणार नाही. वार सांगा, वेळ सांगा आणि जाऊन बसा. घरातल्या मोठ्यांनाही हे सांगा.

बरं, आज गुरुवार आहे. कोपऱ्यात छत्री टेकलेली आहे. कंडक्टर चपला घालून दारात उभे आहेत आणि नेहमीसारखं विचारताहेत, "जाऊ ना गं?"

थांबा हं, माझी दोरी हलली.

टण् टण्.