तेविसाव्या शेताची पाळी

पाणी कमी पडलं की घेवड्याचं पान कोमेजायच्या आधी वळतं. उन्हाकडे तोंड करायचं सोडून कड करतं. मागच्या पाळीनंतर पानं दुपारी बाराला वळत होती. आज साडेनऊलाच वळली. सुनेने एक पान बोटाने आडवं धरलं, सोडलं. ते पुन्हा उभं राहिलं. खाली फुलं लागली होती. दोन दिवसांत पोटभर पाणी मिळालं नाही तर ती गळणार, आणि मग शेंग कसली धरतेय!

शेत रांगेतलं शेवटचं, तेविसावं. टेकडीवरच्या टाकीचं पाणी पहिल्या शेतापासून सुटायचं आणि चौथ्या दिवशी तिच्या बांधाला यायचं, तोवर टाकीचा तळ दिसायला लागलेला. टाकीचं चाक फिरवून पाणी सोडायचं आणि त्याचा क्रम ठरवायचा पाटकऱ्याने, आणि पाटकरी म्हणजे तिचा सासरा. पण त्याचे गुडघे गेले त्याला सात वर्षं झाली. तेव्हापासून टेकडी चढायची तिने आणि मान मिळायचा त्याला. तिचं मागणं एवढंच होतं, की एक वर्ष वरून पाणी सोडा, एक वर्ष खालून.

"हळूहळू होईल गं," सासरा म्हणायचा. "माणसांना सवय व्हायला वेळ लागतो."

आणि यंदा पाणी सोसायटीच्या अध्यक्षांच्या मनात आलं आणि आठ दिवसांत सगळा पाट बुजवून पाइप आला. तेव्हा कुणाला सवय व्हायची वाट बघावी लागली नाही. क्रम तेवढा जुनाच राहिला. नव्या पाइपवर पांढऱ्या रंगाने आकडे घातले, एक ते तेवीस. एक नंबर अर्थात अध्यक्षांचा.

दुपारी अध्यक्ष मोटारसायकलवरून पाइप बघायला आले. मागे सासऱ्याला बसवून आणलं होतं. बावीस नंबरची शेजारीण खुरपं टाकून बांधावर आली. तिला अशी मजा चुकवून चालत नसे.

"काय सूनबाई, कसं काय चाललंय पाणी?"

"बघा की काका." तिने बादली त्यांच्या हातात दिली. "धरा व्हॉल्व्हखाली. मी घड्याळ बघते."

अध्यक्ष हसत वाकले. मिनिटभराने हसू गेलं. दुसऱ्या मिनिटाला त्यांनी बादली या हातातून त्या हातात घेतली. पाणी करंगळीएवढं पडत होतं.

"दमू नका हो," शेजारीण म्हणाली. "आत्ताशी बूड भिजलंय."

"खाली ठेवली तरी भरेल ना गं बाई!"

"सहा मिनिटं," बादली भरल्यावर सून म्हणाली. "पाळीच्या पहिल्या दिवशी तुमच्या शेतात हीच बादली लावली होती. वीस सेकंद."

अध्यक्षांनी रुमालाने मान पुसली. "तू शिकलेली आहेस, म्हणून सांगतो. असल्या गोष्टी एका झटक्यात बदलत नाहीत."

"पाट आठ दिवसांत बदलला."

"तो पाट होता. ही माणसं आहेत."

"मग माणसांनाही घाला पाइपात," शेजारीण म्हणाली. "लवकर पोचतील."

"तू गप बस!" अध्यक्ष तिच्यावर खेकसले आणि सासऱ्याकडे वळले. "माझं काही म्हणणं नाही. नियम आहे, क्रम पाटकऱ्याने सांगायचा. त्याने शब्द टाकला तर मी आडवा येणार नाही."

त्यांना ठाऊक होतं, म्हातारा शब्द टाकणार नाही. सगळे त्याच्याकडे बघायला लागले. त्याने काठी एका ढेकळावर टेकवली, ढेकूळ फुटलं, मग दुसऱ्यावर टेकवली.

"बाबा," सून म्हणाली. "आता सांगा."

"बघू ना. पुढच्या हंगामात बैठक घेऊ. आत्ता एकदम कशाला..."

हे वाक्य ती सात हंगाम ऐकत आली होती. दरवेळी घरी जाऊन भांडी जरा जोरात आपटायची आणि झालं. चारचौघांत त्याचा शब्द तिने कधी तोडला नव्हता. गुडघे गेले, शेतातलं काम गेलं. पाटकरी एवढं एकच नाव त्या माणसाकडे उरलंय, हे तिला कळत होतं. पण फुलांना ते कुठे कळत होतं? शेजारणीचाही घेवडा वळला होता, आणि ती तोंडाने कितीही मस्करी करत असली तरी तिचे डोळे म्हाताऱ्याच्या तोंडाकडेच होते.

"ऐकलंस ना?" अध्यक्षांनी गाडीला किक मारली. "बसा हो मागे."

सुनेने पुढे होऊन गाडीची किल्ली फिरवली. इंजिन बंद पडलं.

"काका, सात वर्षं टाकीचं चाक कोण फिरवतंय? बाबा कधी दिसले तुम्हाला टेकडीवर?"

सासऱ्याने मान खाली घातली.

"पाटकरी मी आहे," ती म्हणाली. "टाकी आज रात्री भरतेय. उद्या सकाळी सातला पाणी सुटेल ते तेवीस नंबरपासून. मग बावीस, मग एकवीस. तुमची पाळी चौथ्या दिवशी."